चेन्नईत टीव्ही निर्मिती शिकायची आहे? शिष्यवृत्तीचा अर्ज महाराष्ट्रातूनच करा
शिकायचे चेन्नईत, म्हणजे शिष्यवृत्ती तामिळनाडू सरकार देणार, असे वाटणे साहजिक आहे. नियम वेगळा आहे. अनुसूचित जातींच्या (नवबौद्धांसह) विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी आहे, ते राज्य देते. त्यामुळे सोलापूर किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याने महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा. पालकांचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असावे आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते.

चेन्नईत तरमणी येथे एम.जी.आर. शासकीय चित्रपट व दूरचित्रवाणी प्रशिक्षण संस्था आहे, पण तेथील पदवी बारावीनंतरची आहे. पदवीधरांसाठी गिंडीच्या अण्णा विद्यापीठात एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक मीडिया हा अभ्यासक्रम आहे. घराजवळ राहायचे असल्यास पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहेच. तिचा टीव्ही विभाग १९७४ मध्ये दिल्लीहून पुण्यात आला.

एक अट मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. एका विषयात एम.ए. झाल्यावर त्याच पातळीवरच्या दुसऱ्या विषयासाठी ही शिष्यवृत्ती मिळत नाही. आधी मराठीत एम.ए. आणि मग कॅमेरा, असा बेत असेल (आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांत तो नवा नाही), तर दुसऱ्या अभ्यासक्रमाचे शुल्क स्वतःच भरावे लागेल. टीव्हीच करायचे ठरले असेल, तर पदवीनंतर थेट त्याच अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा.

उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे प्रमाणपत्र गाव सोडण्यापूर्वीच आपले सरकार सेवा केंद्रातून काढून ठेवावे. चेन्नईतून ही कागदपत्रे मिळवणे अवघड जाते.