भरतीच्या रेषेवरचा तालुका

देवबागच्या टोकाला दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, की डाव्या हाताला कर्लीची खाडी, उजव्या हाताला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. समोर दिसतं ते भोगवे; पण ते वेंगुर्ला तालुक्यात. मालवण तालुका इथे पाण्यापाशी संपतो.

उत्तरेला आचऱ्यापलीकडे देवगड, पूर्वेला कणकवली आणि कुडाळ. कोकण रेल्वे या पूर्वेकडच्या तालुक्यांतून जाते. म्हणून मालवणचा चाकरमानी कुडाळला किंवा कणकवलीला उतरतो आणि पुढे एसटी धरतो. आत जांभ्याचे सडे, त्यांच्या कुशीत भातशेती आणि वाड्या. मसुऱ्याकडून येणारी गड नदी कालावल खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी तळाशील ही देवबागसारखीच वाळूची जीभ.

1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मालवण त्यात आलं. जिल्ह्याचं मुख्यालय ओरोसला, तहसील कचेरी मालवण शहरात. शहराचा कारभार नगरपरिषदेकडे, गावांचा ग्रामपंचायतींकडे आणि त्यांच्यावर पंचायत समिती, तिथे गटविकास अधिकारी. ही झाली विकासाची बाजू. महसुलाची उतरंड वेगळी: तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी.

आता देवबागच्या एखाद्या रापणकार मच्छीमाराचं घर घ्या. जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे, मोजणी भूमी अभिलेखकडे, घरपट्टी ग्रामपंचायतीत. घराला एक खोली वाढवायची, तर मात्र भरतीची रेषा आडवी येते. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 ची. तेव्हापासून बांधकामाची मुभा त्या रेषेपासूनच्या अंतरावर ठरते. खाडीकाठीही हा नियम सुटत नाही, कारण भरती आतपर्यंत चढते. शेतात खारं पाणी घुसू नये म्हणून घातलेला बांध खारभूमी खात्याचा.

होडी पाण्यात ढकलली, की कचेरी बदलली. मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय खात्याचा. 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याचा अंमल किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर. त्यापुढे केंद्राचं पाणी. जेटी आणि प्रवासी होड्या बंदर खात्याच्या. मालवणसमोरच्या समुद्राचा काही भाग 1987 मध्ये सागरी अभयारण्य झाला, तिथे वनखातं. त्याच पाण्यातला सिंधुदुर्ग किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे. म्हणजे धक्क्यावरून किल्ला पाहायला निघालेला माणूस अर्ध्या तासात तीन खात्यांच्या हद्दी ओलांडतो आणि त्याला कळतही नाही.

सड्यावरच्या गावात हद्द दगडाने दाखवता येते. किनाऱ्यावर ती पाण्याने ठरते आणि पाणी कागदाला विचारून हलत नाही. पावसाळ्यातल्या उधाणात देवबागची वाळू ओढली जाते, माड मुळासकट आडवे होतात. पण समुद्राने खाल्लेले गुंठे सातबाऱ्यावरून आपोआप उतरत नाहीत. त्यासाठी मोजणी लागते, फेरफार लागतो. तोवर खातेदाराच्या नावावर जी जमीन असते, तिच्यावरून ओहोटीलाही होडी जाते.