शेवग्याची बी आणि गढूळ पाणी

पावसाळ्यात खानवेलजवळून वाहणारी साकरतोड, म्हणजे दमणगंगेची उपनदी, गढूळ होते. अशा दिवसांत परसातला शेवगा कामाला येतो! झाडावरच सुकलेल्या शेंगेतली बी सोला, पांढरा गर कुटा, थोड्या पाण्यात कालवून फडक्याने गाळा. फार गढूळ पाण्याला लिटरमागे साधारण एक बी पुरते. गाळलेलं द्रावण त्या पाण्यात ओतून मिनिटभर जोरात, मग पाच-दहा मिनिटं हळूहळू ढवळा आणि तासभर हात लावू नका. बीमधल्या प्रथिनावर धन विद्युतभार असतो, मातीच्या कणांवर ऋण. म्हणून गाळ एकत्र येऊन तळाशी बसतो. निवळीची बीही याच कामाची. मात्र नितळ दिसलं म्हणून पाणी जंतुमुक्त होत नाही. वरचं पाणी गाळून खळखळ उकळाच, आणि त्याच दिवशी संपवा.