माकडतापाचा विषाणू गोव्याच्या सीमेवर कसा पोहोचला? जनुकक्रमाने दाखवलेली वाट

काजूला बोंडू धरू लागले की सत्तरी, डिचोली आणि पेडण्याच्या डोंगरांत माणसांची वर्दळ वाढते. बेणणी, बिया वेचणे, बोंडू गोळा करणे, भट्टीसाठी लाकूडफाटा आणणे अशी कामे पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतात. जंगलातील पालापाचोळ्यात वावरणाऱ्या बारीक गोचिडींचा हंगामही नेमका हाच असतो. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे आपल्याकडे ‘माकडताप’ म्हणून ओळखला जाणारा आजार, या गोचिडींमार्फतच माणसापर्यंत येतो.

सत्तरी तालुक्यातील पाली गावात २०१५ मध्ये हा आजार आढळला. पुढच्याच वर्षी दोडामार्ग तालुक्यातील केर गाव आणि आसपासच्या परिसरात त्याचा उद्रेक झाला. (हे केर म्हणजे सत्तरीतील केरी नव्हे.) त्यानंतर पत्रादेवी नाक्याच्या पलीकडे, सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही त्याचे रुग्ण सापडले. नकाशावर ही तीन ठिकाणे पाहिली, तर डिचोली आणि पेडणे हे दोन्ही तालुके त्यांना किती लागून आहेत हे सहज ध्यानात येते.

हा विषाणू इकडे कुठून आला आणि किती काळ फिरतो आहे, या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील (एनआयव्ही) संशोधकांनी विषाणूच्या जनुकक्रमातून शोधण्याचा प्रयत्न केला. त्यांचा निबंध २०२० मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष प्रयोगशाळेतले असले, तरी तापाने फणफणून प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या काजू मजुराशी त्यांचा थेट संबंध आहे.

मेलेल्या माकडांपासून सुरुवात

कर्नाटकातील तत्कालीन शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ परिसरातील माणसेही तापाने आजारी पडली. माकडे मरतात म्हणून आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका प्रथम घेतली गेली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील टेलफोर्ड वर्क, हॅरल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपास केला, तेव्हा हा विषाणू पीतज्वराचा नसून रशियात गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूच्या जवळचा असल्याचे दिसून आले. १९५२ मध्ये स्थापन झालेले हेच केंद्र पुढे १९७८ पासून राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले.

आजाराच्या नावात माकड असले, तरी रोग पसरवण्यात त्याची भूमिका आपण समजतो तशी नाही. निसर्गात हा विषाणू गोचिडी आणि उंदीर, चिचुंद्री यांसारखे लहान सस्तन प्राणी यांच्यात टिकून राहतो. वानर आणि लाल तोंडाची माकडे त्याला बळी पडतात. माकड मेले की त्याच्या अंगावरील विषाणूबाधित गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. माणसाला चावते ती बहुधा गोचिडीची मधली, अपूर्ण वाढीची अवस्था. ही अवस्था साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत आढळते आणि आकाराने इतकी लहान असते की चावल्याचे अनेकदा कळतही नाही. पूर्ण वाढलेल्या गोचिडी गुराढोरांच्या रक्तावर जगतात. त्यामुळे जंगलात चरायला जाणारी गुरे गोचिडींची संख्या वाढवण्यास हातभार लावतात.

एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला माकडताप होत नाही. विषाणूच्या दृष्टीने माणूस हा रस्त्याचा शेवट असतो.

अकरा हजार अक्षरांची नोंदवही

माकडतापाच्या विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या एका धाग्यात साठवलेली असते. त्या धाग्यात सुमारे ११ हजार रासायनिक अक्षरे असतात. विषाणू स्वतःच्या प्रती काढतो तेव्हा या अक्षरांत अधूनमधून चूक होते. बहुतेक चुका निरुपयोगी ठरून नाहीशा होतात, काही टिकतात आणि पुढच्या पिढ्यांत उतरतात. एखाद्या पोथीच्या हस्तलिखित प्रतींत एकाच जागी तीच चूक दिसली, तर त्या प्रती एकाच मूळ प्रतीवरून उतरवल्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. विषाणूंचे नातेही त्याच तर्काने जुळवले जाते. कोणता नमुना कोणत्या वर्षी आणि कुठे घेतला याची नोंद असेल, तर बदलांचा सरासरी वेग काढता येतो आणि दोन शाखा साधारण केव्हा वेगळ्या झाल्या याचाही अंदाज बांधता येतो.

एनआयव्हीच्या अभ्यासात १९५७ ते २०१७ या साठ वर्षांतील ४८ संपूर्ण जनुकक्रम तपासले गेले. त्यांपैकी ४६ याच अभ्यासात नव्याने वाचलेले होते. शिवाय विषाणूच्या बाह्य आवरणाचे प्रथिन घडवणाऱ्या जनुकाचे २८ क्रमही जोडीला घेतले होते. यातून समोर आलेल्या चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, २००६ ते २०१७ या काळातील विषाणूंचा एक गट १९५७ ते १९७२ या काळातील कर्नाटकातील जुन्या विषाणूंपेक्षा सुमारे २.७६ टक्क्यांनी वेगळा आहे. अकरा हजार अक्षरांच्या हिशेबात हा फरक सुमारे तीनशे अक्षरांचा होतो. दुसरी, ही नवी शाखा १९८०च्या सुमारास जुन्या शाखेपासून वेगळी झाली असावी. तिसरी, विषाणूचा प्रसार कर्नाटकातून गोवा आणि महाराष्ट्र या दिशेने झाल्याचे संकेत मिळाले. तसेच साधारण २०१३ पासून महाराष्ट्र हाही प्रसाराचा नवा स्रोत ठरल्याचे आढळले. चौथी, आवरणाच्या प्रथिनातील १२३ व्या स्थानी काही विषाणूंत अ‍ॅलॅनिन, तर काहींत थ्रिओनिन हे अमिनो आम्ल आहे आणि हा बदल नैसर्गिक निवडीने टिकल्याचा ठोस पुरावा आहे. प्रथिनाचे दोन भाग जिथे जोडले जातात, त्या जागेजवळ हे स्थान येते. म्हणून विषाणूच्या वागणुकीवर त्याचा परिणाम होऊ शकतो, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

वर्षांचा मेळ

यांतील तिसरा निष्कर्ष आपल्यासाठी सर्वांत निकटचा आहे. दोडामार्गमधील उद्रेक २०१६ मध्ये लक्षात आला. जनुकक्रम मात्र साधारण २०१३ कडे बोट दाखवतो. म्हणजे रुग्णालयात पहिला रुग्ण ओळखला जाण्याच्या आधी काही हंगाम विषाणू सह्याद्रीच्या या पट्ट्यात फिरत असण्याची शक्यता आहे.

हा नकाशा वाचताना एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. जिथून नमुने घेतले गेले, तेवढीच ठिकाणे अशा अभ्यासात दिसतात. ज्या गावातील तापाच्या रुग्णाचे रक्त तपासले गेले नाही, ते गाव नकाशावर कोरे राहते. त्या कोऱ्या जागेचा अर्थ ‘इथे विषाणू नाही’ असा घेता येत नाही.

विषाणू कोणी आणला, हे जनुकक्रम सांगत नाही. ही बाब येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण आजाराच्या काळात बोट पहिल्यांदा बाहेरून आलेल्या मजुराकडे दाखवले जाते. बेळगाव जिल्ह्यातून गोव्यात काजूच्या कामासाठी आलेल्या मजुरांना झालेल्या माकडतापाविषयी एनआयव्हीच्या संशोधकांचा एक निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा विषयच कामाच्या ठिकाणी होणारा संसर्ग हा होता. हे मजूर आजार घेऊन आले नव्हते. तो त्यांना येथील काजू बागायतीत काम करताना जडला. विषाणूची ने-आण होते ती गोचिडी आणि त्या अंगावर वागवणाऱ्या प्राण्यांमार्फत. साळ, लाटंबार्से, इब्रामपूर किंवा हसापूरच्या पलीकडची झाडी राज्याची हद्द पाहून थांबत नाही आणि त्यातील उंदीर, माकडे व गुरेही थांबत नाहीत.

ताप कोणता, हे ठरवण्याची घाई

गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके असह्य दुखते, अंग मोडून येते, उलट्या व जुलाब होतात. काही रुग्णांत रक्तदाब उतरतो, प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी कमी होतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत सावरतात. मात्र दहा ते वीस टक्के रुग्णांना मध्ये बरे वाटून पुन्हा ताप येतो आणि या दुसऱ्या टप्प्यात मेंदूशी संबंधित लक्षणे दिसू शकतात. मृत्यूचे प्रमाण शंभर रुग्णांमागे तीन ते पाच इतके मानले जाते.

यांतील पहिली चार-पाच लक्षणे डेंग्यू, लेप्टो किंवा मलेरियातही दिसतात. त्यामुळे केवळ रुग्णाकडे पाहून निदान करणे कठीण असते. आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत रक्तात विषाणू असतो, तेव्हा आरटी-पीसीआर चाचणी उपयोगी पडते. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम एलायझा चाचणी करता येते. या दोन्ही चाचण्या एनआयव्हीने विकसित केल्या आहेत. अशा घातक विषाणूंवर सुरक्षितपणे काम करण्यासाठी पुण्यात २०१२ मध्ये देशातील पहिली चौथ्या स्तराची जैवसुरक्षा प्रयोगशाळा सुरू झाली.

दुर्गम भागातून नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दिवस जातात. ही अडचण ओळखून बॅटरीवर चालणाऱ्या लहान ‘ट्रूनॅट’ यंत्रावरील माकडतापाची चाचणीही तयार करण्यात आली. एनआयव्हीसोबत ती विकसित करणारी मोलबायो डायग्नोस्टिक्स ही कंपनी गोव्यातीलच, वेर्णा येथील आहे. क्षयरोगाच्या निदानासाठी हेच तंत्र देशभर वापरले जाते. ज्या पट्ट्यात आजार आहे, त्याच राज्यात त्याच्या चाचणीचे तंत्रज्ञान घडते, ही जमेची बाजू आहे. मात्र चाचणी उपलब्ध असून भागत नाही. डॉक्टरांच्या मनात माकडतापाची शंका आली, तरच ती केली जाते.

लशीची पोकळी

माकडतापावर विषाणूचा नाश करणारे खात्रीचे औषध नाही. शरीरातील पाण्याचे प्रमाण, रक्तदाब आणि रक्तस्राव यांवर लक्ष ठेवून लक्षणांवर उपचार केले जातात. अशा आजारात लशीचे मोल मोठे असते.

कर्नाटकात १९९० पासून फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस दिली जात होती. तेथील २००५ ते २०१० या काळातील वापराचा अभ्यास झाला, तेव्हा दोन मात्रा घेतलेल्यांत तिची परिणामकारकता ६२.४ टक्के, तर वर्धक मात्राही घेतलेल्यांत ८२.९ टक्के आढळली. केवळ एक मात्रा घेणाऱ्यांना तिचा लाभ दिसला नाही. पुढील काळात लशीचे सामर्थ्य अपुरे असल्याचे आढळले आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबवण्यात आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी यांनी नव्या लशीचे काम हाती घेतले आहे. जुनी लस १९५७ मध्ये वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनवलेली होती आणि आज फिरणारा विषाणू त्यापासून काहीसा दूर गेला आहे. नव्या लशीची पारख करताना ही जनुकीय माहिती कामी येईल.

तोपर्यंत काय करता येईल?

काजू बागायतीत किंवा रानात जाताना अंगभर कपडे घालावेत आणि उघड्या त्वचेवर आरोग्य केंद्रातून मिळणारे डेपा तेल किंवा तत्सम गोचीड-प्रतिबंधक लावावे. पालापाचोळ्यावर थेट बसू नये. घरी परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी आणि कपडे वेगळे धुवावेत. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता वन खात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे. अशा जागेभोवती पन्नास मीटरच्या परिघात कीटकनाशक भुकटी टाकण्याची पद्धत आहे. मजूर लावणाऱ्या बागायतदारांनी ही माहिती मजुरांना त्यांच्या भाषेत द्यावी. ती मराठी किंवा कोकणीच असेल असे नाही.

नोव्हेंबर ते मे या काळात ताप आला, तर आपण गेल्या पंधरवड्यात कोणत्या रानात किंवा कोणाच्या बागायतीत होतो, हे रुग्णाने स्वतःहून डॉक्टरांना सांगावे. त्याने सांगितले नाही, तर डॉक्टरांनी विचारावे. तो सांगत असलेले गाव महाराष्ट्रात असेल, तरी प्रश्नाचे महत्त्व कमी होत नाही.

दोडामार्ग आणि सावंतवाडीचे रुग्ण म्हापशाच्या आझिलो इस्पितळात आणि बांबोळीच्या गोमेकॉत उपचारांसाठी येतात, हे आपल्याला परिचित आहे. उलट दिशेने गोव्यातील मजूर आणि गुरेही पलीकडच्या रानात जातात. त्यामुळे केर किंवा बांद्याच्या परिसरात माकड मेल्याची अथवा रुग्ण सापडल्याची खबर साखळी, डिचोली, कासारवर्णे आणि पेडण्याच्या आरोग्य यंत्रणेला त्याच दिवशी मिळायला हवी आणि इकडची तिकडे जायला हवी. विषाणू कित्येक वर्षे आधी आला होता, हे आपल्याला जनुकक्रमातून मागाहून कळले. पुढच्या हंगामात ते तापाच्या पहिल्याच रुग्णापासून कळावे, एवढी व्यवस्था दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांना उभारता येण्याजोगी आहे.