गरोदर मातांसाठीच्या शासकीय योजना आणि उत्पन्नाची अट

'आपली शिधापत्रिका केशरी, आपल्याला काय मिळणार?' असे म्हणून अनेक कुटुंबे शासकीय रुग्णालयाची पायरी चढत नाहीत आणि खासगी प्रसूतिगृहासाठी कर्ज काढतात. हा समज चुकीचा आहे. उपचार व रोख साहाय्य या दोन निराळ्या बाबी असून उत्पन्नाचा प्रश्न केवळ दुसऱ्या बाबीत येतो.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार (२०११) शासकीय आरोग्य संस्थेत प्रसूत होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तपासण्या, औषधे, रक्त व सिझेरियन शस्त्रक्रिया विनामूल्य आहेत. रुग्णालयातील भोजनही साध्या प्रसूतीनंतर ३ दिवस, सिझेरियननंतर ७ दिवसांपर्यंत मोफत मिळते. ने-आण करण्यासाठी १०२ क्रमांकावर वाहन मागवता येते. शिधापत्रिकेचा रंग येथे कोणी विचारू नये. विचारल्यास नम्रपणे पण ठामपणे या कार्यक्रमाचे नाव सांगावे.

रोख साहाय्याचे नियम मात्र क्लिष्ट आहेत. २००५ सालची जननी सुरक्षा योजना महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांपुरती आहे. शासकीय संस्थेतील प्रसूतीसाठी ग्रामीण भागात ७००, तर शहरी भागात ६०० रुपये मिळतात. पिवळ्या शिधापत्रिकेसाठीची वार्षिक उत्पन्नमर्यादा १५,००० रुपये, म्हणजे महिन्याला अवघे १,२५०! रोजंदारीवर राबणारे कुटुंबही या रेषेच्या वर जाते.

याउलट प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत २०२२ पासून ८ लाख रुपयांहून कमी वार्षिक कौटुंबिक उत्पन्न हा एक निकष आहे. ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड असे अन्य निकषही असून त्यांपैकी एक पुरेसा होतो. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, तर दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकरकमी मिळतात. शासकीय सेवेतील नियमित कर्मचारी स्त्रियांना ही योजना लागू नाही.

ख्रिस्ती कुटुंबांनी येथे एक भेद ध्यानात घ्यावा. धर्मांतरामुळे अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. आदिवासी ख्रिस्ती माता जातीच्या दाखल्यावर, उत्पन्न कितीही असले तरी, दोन्ही योजनांच्या निकषात बसते. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मात्र हिंदू, शीख व बौद्ध यांच्यापुरताच आहे. त्यामुळे दलित ख्रिस्ती मातेला उत्पन्नाचा किंवा अन्य निकषच दाखवावा लागतो. हा भेद अन्यायकारक आहे, पण अर्ज भरताना तो विसरून चालत नाही.

तहसीलदारांकडून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यास वेळ लागतो. मातृवंदना योजनेचा ३,००० रुपयांचा पहिला हप्ता गरोदरपणाची नोंदणी व पहिल्या सहा महिन्यांतील किमान एक तपासणी यांवर अवलंबून असल्याने, दिवस गेल्याचे कळताच आशा सेविकेकडे वा अंगणवाडीत नाव नोंदवावे आणि मातेच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडून घ्यावे.