मातीची वेळ ठरवण्याआधी

आमच्याकडं माणूस गेला की पहिला प्रश्न अंगणातून येतो, "माती किती वाजता?" घरातल्यांचं रडं थांबलेलं नसतं आणि फोनवर वेळ विचारणाऱ्यांची रीघ लागते. मग एखादा जाणता चुलता वेळ सांगून टाकतो आणि उरलेले सगळे निर्णय त्या वेळेमागं फरफटत जातात. माझं माहेर औसा तालुक्यातलं, सासर नांदेडचं. दोन्हीकडच्या मयतींत वावरून मी एवढं शिकले की वेळ सगळ्यात शेवटी ठरवायची.

माझे वडील, बापू, लातूरच्या दवाखान्यात पहाटे गेले. डोळे दान करायचे, माझ्या मायच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, राख शेतातच टाकून तिथं झाड लावायचं, हे त्यांनी आम्हा भावंडांना समोर बसवून सांगितलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं किल्लारी-सास्तूरचा पट्टा उद्ध्वस्त केला, तेव्हा ते मदतीला गेले होते. वरून पाऊस, लाकडं ओली, आणि एकेका चितेवर कितीतरी देह. कुणाची इच्छा काय होती हे सांगायला घरात कुणी उरलेलं नव्हतं. ज्यांच्या हाताशी वेळ आहे त्यांनी बोलून ठेवावं, असं बापू त्यानंतर नेहमी म्हणत.

सगळ्यात आधी पाहायचं ते मृत्यूचं कारण. माणूस घरी आजारानं गेला असेल तर डॉक्टरांकडून कारणाचा दाखला घ्यावा. साप चावला, विजेचा धक्का बसला, अपघात झाला, तर पोलिसांना कळवायलाच हवं. 'चिरफाड नको' म्हणून घाईनं माती उरकणारी घरं मी पाहिली आहेत. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शासकीय योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल नसला की तेच पैसे मिळवताना विधवेची दमछाक होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, तीही मृत्यू जिथं झाला तिथं. गावचा माणूस नांदेडच्या दवाखान्यात गेला तर नोंद नांदेडच्या महापालिकेत होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. दाखल्यावरचं नाव आधार कार्डाशी अक्षरन्‌अक्षर जुळतं का, तेही तपासावं.

दुसरा निर्णय दानाचा, आणि त्याला घड्याळाचं बंधन आहे. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, डोक्यावरचा पंखा बंद करायचा, उशी देऊन डोकं थोडं वर ठेवायचं आणि नेत्रपेढीला फोन करायचा. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचेही डोळे चालतात. देहदानासाठी नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. अर्ज आधीच भरलेला असला तरी त्या दिवशी जवळच्या नातेवाइकांनी होकार द्यावा लागतो. शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारत नाहीत.

तिसरा प्रश्न रीतीचा. 'असंच असतं' असं कुणी म्हणालं की मी आमच्याच मुलखाकडं बोट दाखवते. लिंगायत घरांत देह बसवून समाधी देतात, मुसलमान घरांत दफन, बौद्ध घरांत पुढं जलदान विधी. नांदेडला गुरू गोविंदसिंगजींवर १७०८ मध्ये जिथं अंत्यसंस्कार झाले, तिथंच आज हजूर साहिब उभा आहे. इतक्या रीती शेजारी शेजारी नांदतात, मग आपल्या घरातली एखादी रीत बदलली तर आभाळ कोसळत नाही. परळीत ४ जून २०१४ रोजी गोपीनाथ मुंडे यांच्या चितेला मुलगी पंकजा यांनी अग्नी दिला, तो सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं आवाहन केलं. बापू गेले त्या दिवशी आत्या मायचा हात धरायला पुढं आली, तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला, "बापूंनी नाही म्हणून सांगितलंय." आत्या थांबली. गेलेल्या माणसाच्या शब्दापुढं भावकी नमते; जिवंत लेकीच्या शब्दापुढं नमेलच असं नाही.

चौथा निर्णय खर्चाचा. तेराव्याच्या पंगतीसाठी व्याजानं पैसे काढायचे आणि पुढचं सोयाबीन त्यातच घालवायचं, हे आपल्याकडं नवीन नाही. राख सावडण्याच्या दिवशीच बाकीचे विधी उरकणारी घरं आता गावोगाव आहेत. आकडा घरातल्यांनी आधी ठरवावा आणि भावकीतल्या एका वडीलधाऱ्याला विश्वासात घ्यावं, म्हणजे ऐनवेळी मानपानाचा वाद उठत नाही.

एवढं झालं की वेळ सांगायची. लांबचा लेक यायचा असेल तर शीतपेटी भाड्यानं मिळते.

आईवडिलांना हे विचारणं अभद्र वाटत असेल, तर आधी स्वतःचं सांगावं. मी माझ्या लेकीच्या वहीत लिहून दिलंय: माझा देह विष्णुपुरीला द्यायचा. ते जमलं नाही तर नांदेडच्या गोवर्धन घाटावर अग्नी तिनंच द्यायचा, आणि तेराव्याची पंगत घालायची नाही.