सर्व्हर-समूहाची अंतर्गत जोडणी : नेटवर्क साधनांची निवड

सातबाराच्या उताऱ्यासारख्या अनेक सेवा आता संगणकाद्वारे घरबसल्या मिळू लागल्या आहेत. अशा सेवेचा भार एकाच सर्व्हरवर असला, तर तो बंद पडताच सेवाही खंडित होते. म्हणून दोन किंवा अधिक सर्व्हरांचा समूह, म्हणजेच क्लस्टर, उभारण्यात येतो. एक बंद पडला की दुसरा त्याचे काम हाती घेतो. त्यासाठी सर्व सर्व्हर ठरावीक अंतराने एकमेकांना आपण सुरू असल्याचा संदेश पाठवीत असतात. हे संदेश ज्या मार्गाने जातात, ती समूहाची अंतर्गत जोडणी होय.

हा मार्गच तुटला तर? दोन्ही सर्व्हर सुस्थितीत असूनही प्रत्येकाला दुसरा बंद पडल्याचे वाटते. दोघेही कारभार हाती घेतात आणि एकाच दप्तरात परस्परविरोधी नोंदी होऊ लागतात. हे टाळण्यासाठी बहुमताची व्यवस्था केलेली असते. ज्या गटाकडे अधिक मते, त्यानेच काम पुढे चालवावयाचे. दोनच सर्व्हर असतील, तर तिसरे मत स्वतंत्र डिस्कला अथवा यंत्राला देतात.

तरीही केवळ बहुमत पुरेसे नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेत गिटहब या संगणकीय सेवेच्या पूर्व किनाऱ्यावरील दोन केंद्रांमधील संपर्क देखभालीच्या कामात अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात बहुमताने कारभार पश्चिम किनाऱ्याकडे गेला. मात्र दोन्हीकडे अशा नोंदी राहिल्या की ज्या दुसरीकडे पोचल्याच नव्हत्या. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. तेथील अंतर मोठे होते. पण एका खोलीतील दोन सर्व्हरांनाही हाच धोका असतो.

यावरील उपाय जुनाच आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९८३ मध्ये आणलेल्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये प्रत्येक संगणकाच्या जोडणीस दोन मार्ग ठेवले होते. आजही साधने निवडताना हेच तत्त्व पाळावे.

पहिली गोष्ट, प्रत्येक सर्व्हरमध्ये या कामासाठी दोन स्वतंत्र नेटवर्क कार्डे असावीत. एकाच कार्डावरील दोन पोर्ट म्हणजे दोन मार्ग नव्हेत. कार्ड बिघडले की दोन्ही एकदमच जातात. दुसरी, प्रत्येक मार्गास वेगळा स्विच असावा आणि त्या स्विचांचा वीजपुरवठाही वेगळ्या वाहिनीवरून असावा. तिसरी, नागरिकांच्या मागण्या ज्या नेटवर्कवरून येतात, त्यावर ही जोडणी ठेवू नये. गर्दीच्या वेळी संदेश रखडतात आणि चालू सर्व्हर बंद समजला जातो. चौथी, दोन्ही मार्गांवरील कार्डांची गती व संदेशाच्या आकाराची मर्यादा सारखी असावी. मोठ्या आकाराचे संदेश वापरावयाचे असल्यास ती मर्यादा कार्डे व स्विच या सर्वांवर एकच ठेवणे आवश्यक आहे.

खर्चाच्या अंदाजपत्रकात दुसरा स्विच अनावश्यक वाटून वगळला जाण्याचा संभव असतो. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारावा : कोणती एक वस्तू बिघडली असता दोन्ही मार्ग एकाच वेळी बंद पडतील? यंत्रणा ताब्यात घेण्यापूर्वी एकेक केबल काढून आणि एकेक स्विच बंद करून प्रत्यक्ष खात्री करून घ्यावी. दप्तरातील नोंदींचा विश्वास राखण्यासाठी एवढी दक्षता अगत्याची आहे.