गच्चीवरची बेगमी

मे महिन्यातली दुपार. पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला. गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसवलेलं, म्हणून घरमालक कौतुकानं इन्व्हर्टरचा आकडा पाहायला जातात. तर तिथे अडीचच्या आसपासच. एवढं रणरणतं ऊन, मग वीज गेली कुठे?

वीज गेली त्या उन्हाच्याच तापात. पॅनेलला हवा असतो उजेड. उष्णता त्याला सोसत नाही. पॅनेलवर लिहिलेली क्षमता मोजतात ती त्याचं तापमान २५ अंश सेल्सिअस धरून. त्यापुढच्या प्रत्येक अंशाला सिलिकॉन पॅनेलची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्का उतरते. मे महिन्यात पॅनेल सहज ६५ अंशांपर्यंत तापतं. चाळीस अंशांचा हा फरक बारा ते सोळा टक्के वीज खातो. म्हणून पॅनेल गच्चीला चिकटवत नाहीत. खालून वारा खेळावा म्हणून उंच सांगाड्यावर बसवतात.

थंडीचं उलट. दिवस लहान, पण पॅनेल गार. दक्षिणेकडे कललेलं पॅनेल खाली उतरलेल्या सूर्याला सामोरं जातं, त्यामुळे हिवाळा वाटतो तितका वाईट जात नाही. धोका असतो सावलीचा. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, तेव्हा पाण्याच्या टाकीची सावली तिच्याच पायाशी विरते. २२ डिसेंबरला तोच सूर्य दुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. टाकी दक्षिणेला असली तर सकाळ-संध्याकाळ तिची लांबलेली सावली पॅनेलवर रेंगाळते. पॅनेलं एकामागे एक साखळीत जोडलेली असल्यानं एका कोपऱ्यातली सावलीही बरीच वीज अडवू शकते. उन्हाळ्यात जागा पाहून पॅनेल बसवणाऱ्यांनी डिसेंबरचा सूर्य डोळ्यांसमोर आणायला हवा.

मग पावसाळा. ढगांतून पाझरणाऱ्या उजेडावरही पॅनेल चालतं, पण मंद. झडीच्या दिवशी बारा युनिटांच्या जागी तीन-चारच मिळतात. मात्र हाच पाऊस उन्हाळाभर साचलेली धूळ फुकटात धुऊन नेतो. पाऊस सरल्यावर धुतलेल्या काचेवर निवळलेल्या आभाळातलं ऊन पडतं आणि आकडा पुन्हा वर चढतो. पुढे कोरड्या महिन्यांत धुण्याचं काम आपलं. ते सकाळी, पॅनेल गार असताना करावं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. बोअरचं जड पाणी वापरलं तर क्षारांचे डाग उरतात.

वर्षाची सरासरी काढली तर आपल्याकडे एका किलोवॉटमागे दिवसाला सुमारे चार युनिट पडतात. पण ही सरासरी प्रत्येक महिन्याकडून मागायची नसते. नेट मीटरिंगमध्ये जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि आर्थिक वर्षाअखेरीस, ३१ मार्चला, हिशेब मिटतो. हे वर्ष एप्रिलमध्ये उघडतं, ते आपल्या पथ्यावरच पडतं: आधी उन्हाळ्याची भर, मग पावसाळ्याची तूट. एसी चालवूनही एप्रिल-मेमध्ये चार युनिट शिल्लक राहिले, तर तेच जुलैचं बिल हलकं करतात.

त्यामुळे जुलैचा आकडा पाहून बसवणाऱ्याला फोन लावण्याआधी जुनी वही काढावी. जुलैची तुलना मेशी नको, गेल्या वर्षीच्या जुलैशी करावी. तिथेही मोठी घट दिसली, तर मात्र फोन जरूर लावावा.